सुध्या, मी भिंगवाला झालो

ठाणे, रविवार

प्रिय सुध्या,

आठ महिने फोन नाही, पत्र नाही. तुझ्या दिवाळीच्या मेसेजला मी नुसता अंगठा दाखवला. शिव्या दे, पण शेवटपर्यंत वाच. तब्येत बरी आहे. शुगर आहे तिथेच आहे.

झालंय असं की टोकावड्याच्या घरात नंदाने योगशिबिरं सुरू केलीयत. शनिवार-रविवार, दहा-बारा माणसं, नाचणीची भाकरी, पहाटे प्राणायाम. मुंबईच्या लोकांना कोंबडा आरवला तरी शांतता वाटते, त्याचे पैसे देतात. तू हसशील. ज्या ओट्यावर आपण आजोबांच्या विड्या चोरून ओढल्या, तिथे आता लोक शवासनात घोरतात.

डिसेंबरच्या शिबिरासाठी एका मुलीने नाव नोंदवलं. व्हीलचेअर आहे, चालेल का, एवढंच विचारलं होतं. नंदा 'चालेल' म्हणून मोकळी झाली आणि मग माझ्याकडे बघत बसली. आपला ओटा दीड फूट उंच. मी मुरबाडहून गवंडी आणला. तो म्हणाला, "साहेब, सहा फुटांत बसवतो उतार." मी म्हटलं, बाबा, खुर्ची मागच्या मागे उलटेल. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, म्हणजे दीड फुटाला अठरा फूट. सरळ काढला तर तुळशीवृंदावनाच्या पोटात जात होता, म्हणून काटकोनात वळवला. वळणावर खुर्ची फिरेल एवढी सपाट जागा ठेवली. मोगरा गेला. न्हाणीघराचा उंबरठा फोडला, दार रुंद केलं, कमोड बसवला. चार दिवस लागले. मी स्वतःवर इतका खूश होतो की विचारू नकोस.

शिबीर मस्त झालं. नंदाच्या बाई पुण्याला अय्यंगार पद्धतीत तयार झालेल्या, त्यांच्याकडे पट्टे, लोड, खुर्च्या असा निम्मा टेम्पो सामान. त्यांनी त्या मुलीला कोपऱ्यात वेगळं नाही बसवलं. पहिल्या तासाला सगळ्यांनाच खुर्च्या दिल्या आणि खुर्चीवरचं भारद्वाजासन करायला लावलं. पिळात ती सगळ्यात पुढे. मी पाठ धरून बसलो.

दुपारी ओट्यावर ताक पिताना ती म्हणाली, "सर, तुम्ही मला ओळखलं नाही."

आमच्याच कॉलेजची, सुध्या. तीन वर्षांपूर्वी अ‍ॅडमिशनच्या टेबलावर मी होतो. बी.एस्सी.चा फॉर्म होता तिचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अनुदानित कॉलेजांत किमान पाच टक्के जागा राखीव आहेत, तिची जागा पक्की होती. ती काही मी कापली नाही. मी फक्त म्हणालो, "बाळ, फिजिक्सची लॅब दुसऱ्या मजल्यावर. रोज कोण उचलणार तुला? कॉमर्स घे, वर्ग तळमजल्यावर आहेत." अगदी मायेने म्हणालो असणार. तिनेच सांगितलं तसं. "तुम्ही छान बोलला होतात, सर." आता टी.वाय.बी.कॉम.ला आहे.

मला आपल्या वेळचा, अ‍ॅडमिशनच्या टेबलावरचा भिंगवाला आठवला. १९९० चा जून, तुझा सायन्सचा फॉर्म, त्याने लाल पेनाने मारलेली काट आणि "लॅबमधे उभं राहावं लागतं रे, पायाला आधाराचा कॅलिपर घालून कसं जमणार?" आपण त्याला वर्षभर शिव्या दिल्या. त्याच्या स्कूटरची हवा मी सोडली, नाव तुझं आलं. आणि संध्याकाळी तलावपाळीवर मी तुला म्हणालो होतो, "बरंच झालं, आर्ट्सला मुली जास्त." तू महिनाभर बोलला नाहीस. मला वाटायचं तू उगाच ताणलंस. आता नाही वाटत.

कॉलेजात लिफ्ट आहे बरं का. फक्त तिच्यापर्यंत जायला चार पायऱ्या चढाव्या लागतात. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची टीम येणार म्हणून गेटाशी एक रॅम्प केला, तो सायकलवाल्यालाही चढवत नाही. त्याचा फोटो अहवालात आहे. समान संधी कक्षाचा मी सहा वर्षं सदस्य. इतिवृत्तांवर सह्या माझ्या. 'दिव्यांग' लिहायचं की 'विकलांग' यावर आमची एक अख्खी बैठक गेली. तू असतास तर 'लंगडा लिहा आणि जिना दुरुस्त करा' म्हणाला असतास.

तिने आणखी एकच विचारलं, "हा उतार करायला किती दिवस लागले?"

"चार," मी म्हणालो.

"अच्छा," म्हणाली आणि ताक संपवलं.

तेव्हापासून झोप नाही. माफी मागू? मागून तिला फिजिक्स मिळणार आहे? प्राचार्यांकडे अर्ज लिहिलाय, लॅबचं निम्मं सामान तळमजल्यावरच्या कोठीघरात आणा म्हणून. अजून खिशातच आहे. तू तेव्हा भिंगवाल्याला हेच म्हणाला होतास ना, "मी वर येत नाही तर टेबल खाली आणा"? तो हसला होता. मीही हसलो होतो, तू पाहिलंस का माहीत नाही.

चिन्मयीची दहावी कशी चाललीय? वहिनींच्या बदलीचं झालं का? बँकेने तुला छळायचं थांबवलं का?

उद्या अर्ज देतो. नाही दिला तर मंगळवारी फोन करून शिव्या घाल. आणि मार्चमधे टोकावड्याला ये, येताना टेप आण. त्या वळणावर गवंड्याने उतार थोडा खाल्लाय असा मला संशय आहे.

तुझा,
बाळ्या

ता.क. स्कूटरची हवा मी सोडली होती हे वहिनींना सांगू नकोस, त्यांना अजून तूच शूर वाटतोस.