कंपनी गेली, फोन राहिला

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

चतुर्थीचा बाजार भरू लागला की माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळापानांच्या सजावटीच्या, सामानाबरोबरच मोबाइल आणि लॅपटॉपवरील सवलतींच्या जाहिरातीही सर्वत्र झळकू लागतात, आणि कंपन्यांमधली चढाओढ जितकी तीव्र तितका ग्राहकाचा लाभ अधिक, असा सूर त्यांच्या शेजारी छापल्या जाणाऱ्या लेखांतूनही ऐकू येतो. हा सूर खोटा आहे असे मी म्हणणार नाही, कारण स्पर्धा नसती तर गावोगावच्या मुलांच्या हाती आज जे फोन दिसतात ते दिसले नसते. मात्र या शर्यतीत जी कंपनी मागे पडते आणि दुकान आवरते, तिच्या ग्राहकाचे पुढे काय होते, याची चर्चा त्या लेखांत नसते. हे पत्र त्यासाठीच लिहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी चतुर्थीलाच मुलीसाठी मडगावच्या एका दुकानातून फोन घेतला होता. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. वॉरंटी संपून चार महिने होतात न होतात तोच त्याचा चार्जिंग पोर्ट बिघडला. बिलावरच्या पत्त्यावर गेलो, तर सर्व्हिस सेंटरच्या जागी आयुर्वेदिक औषधांचे दुकान उघडलेले. मदत क्रमांकावरून बेळगावचा पत्ता मिळाला आणि बेळगावहून उत्तर आले की या मॉडेलचे सुटे भाग येणे आता बंद झाले आहे. शेवटी म्हापशातल्या एका दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने तशाच दुसऱ्या मृत फोनमधला पोर्ट काढून आमच्या फोनला बसवला. त्याच्याकडे असे मृत फोन डबा भरून आहेत आणि त्यांतले बरेचसे आज बाजारात नसलेल्या कंपन्यांचे आहेत.

कंपन्यांची ही पडझड नवी नाही. आपल्याकडे घराघरांत पोहोचलेल्या नोकियाने आपला फोनचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टला विकण्याचे २०१३ साली जाहीर केले. ब्लॅकबेरीने २०१६ मध्ये स्वतः फोन बनवणे थांबवले, तर एलजीने एप्रिल २०२१ मध्ये या धंद्यातून अंग काढून घेतले. संगणकात आयबीएमने आपला पीसीचा व्यवसाय २००५ मध्ये लेनोवोच्या हवाली केला, सोनीने २०१४ मध्ये वायो हा आपला लॅपटॉपचा व्यवसाय विकून टाकला आणि आपल्याकडच्या विप्रोने २०१३ मध्ये संगणक बनवणे बंद केले. मायक्रोमॅक्स, कार्बन, इंटेक्स या देशी नावांची कथा तर आपल्या डोळ्यांसमोर घडली. त्यांच्या फोनचा मोठा हिस्सा चीनमधून तयार होऊन येत असे. २०१४ पासून चिनी कंपन्या स्वतःच थेट येथे उतरल्या आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची ४जी सेवा सुरू झाली, तेव्हा त्या सेवेवर न चालणाऱ्या जुन्या ३जी फोनचा साठा घेऊन बसलेल्यांचे पाय एकदम लटपटले.

असे का होते, याचे एक कारण फोनच्या आत डोकावले की कळते. बहुतेक कंपन्या प्रोसेसर, म्हणजे फोनची मुख्य चिप, क्वालकॉम किंवा मीडियाटेकचा घेतात आणि फोन चालवणारी अँड्रॉइड ही प्रणाली गुगलची घेतात. मग एकमेकांपासून वेगळे दिसण्यासाठी कॅमेरा, जाहिरात आणि मुख्यतः किंमत एवढेच हाती उरते. किमतीवर झुंजणाऱ्याचा नफा पातळ होतो आणि एक-दोन मॉडेले पडली की तो कोसळतो. शिवाय चिप बनवणाऱ्याने आपल्या जुन्या चिपसाठीचे सॉफ्टवेअर पुरवणे थांबवले, तर जिवंत असलेल्या कंपनीलाही जुन्या फोनला अँड्रॉइडची नवी आवृत्ती देणे अवघड जाते. म्हणजे फोनची आयुर्मर्यादा ज्याचे नाव खोक्यावर ठळक नसते त्याच्याही हाती असते.

मात्र सगळ्या कंपन्यांचे जाणे सारखे नसते, आणि माझा मुद्दा नेमका येथे आहे. आयबीएमचा थिंकपॅड हा लॅपटॉप लेनोवोकडे गेला तेव्हा तो वापरणाऱ्यांची फारशी अडचण झाली नाही, कारण विकत घेणाऱ्याने वस्तूबरोबर जबाबदारीही घेतली. एलजीने जाता जाता आपल्या महागड्या मॉडेलांना अँड्रॉइडच्या पुढील तीन आवृत्त्या देण्याचे वचन दिले, पण स्वस्त मॉडेलांपैकी काहींनाच ती सवलत होती आणि तीही दोनच आवृत्त्यांची. ब्लॅकबेरीने ४ जानेवारी २०२२ रोजी आपल्या जुन्या प्रणालीच्या सेवा बंद केल्या, त्यानंतर त्या फोनांवरून साधे बोलणे आणि संदेश पाठवणेही भरवशाचे राहिले नाही. वस्तू धडधाकट, पण निरुपयोगी. म्हणजे ग्राहकाचे भले-बुरे कंपनी गेली की राहिली यावर कमी आणि ती कोणत्या अटींवर गेली यावर जास्त ठरते. त्या अटी आपल्याकडे आज सर्वस्वी कंपनीच्या मर्जीवर सोडलेल्या आहेत.

उलट युरोपीय संघात २० जून २०२५ पासून असा नियम लागू झाला आहे की एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही त्याचे महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षे उपलब्ध ठेवावे लागतील आणि सॉफ्टवेअरमधील सुधारणा किमान पाच वर्षे द्याव्या लागतील. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले आणि पुढे नेमलेल्या समितीने दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा अहवाल मे २०२५ मध्ये दिला. वस्तू किती सहज दुरुस्त होते याचा गुण खोक्यावर छापण्याची ही कल्पना चांगलीच आहे, पण गुण छापणारी कंपनीच उठून गेली तर तो गुण काय कामाचा? सुटे भाग आणि सुधारणा किती वर्षे मिळतील, हे तारखेसह खोक्यावर लिहिणे आणि कंपनी निघून गेल्यास ती जबाबदारी आयातदार किंवा व्यवसाय विकत घेणारा यांपैकी कोणाकडे जाईल, हे विक्रीपूर्वीच निश्चित करणे, या दोन गोष्टी त्या निर्देशांकाला जोडल्या जाव्यात.

केंद्राचे केंद्राने पाहावे, पण गोवा सरकारलाही पुष्कळ करता येण्यासारखे आहे, कारण सरकार स्वतःच मोठा ग्राहक आहे. मनोहर पर्रीकरांच्या काळात सायबरएज योजनेतून अकरावीच्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक आले, त्या वेळी मी उच्च माध्यमिक शाळेत शिकवत होतो आणि ज्यांच्या घरात पुस्तकांची मांडणीही नव्हती त्यांच्या घरी संगणक पोहोचल्याचे अप्रूप मी पाहिले आहे. परंतु पुढे प्रयोगशाळेच्या संगणकांत एखादा मदरबोर्ड बिघडला की एका यंत्रातले भाग काढून दुसरे चालवायचे, दुसऱ्यातले काढून तिसरे, असे करत वर्षअखेरीस खोलीत निम्मी यंत्रे नुसती शोभेला उरत. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टच्या विंडोज १० या संगणक-प्रणालीचा नियमित पाठिंबा संपल्यामुळे, विंडोज ११ च्या अटींत न बसणारे पण अजून चालू असलेले संगणकही भंगाराच्या वाटेवर गेले आहेत. हा दोष तर संगणक बनवणाऱ्याचाही नाही.

म्हणून शिक्षण खात्याच्या यापुढील निविदांत सर्वांत कमी बोलीबरोबर सुटे भाग किमान पाच वर्षे पुरवण्याची लेखी हमी असावी, तिच्यासाठी अनामत रक्कम राखून ठेवावी आणि राज्याच्या प्रत्येक जिल्ह्यात दुरुस्तीची सोय असल्याखेरीज बोली ग्राह्य धरू नये. यामुळे यंत्राची किंमत थोडी वाढेल, हे मला मान्य आहे. मात्र दोन वर्षांत बंद पडणाऱ्या स्वस्त यंत्राचा खरा खर्च निविदेच्या कागदावर कधीच दिसत नाही.

राहिला प्रश्न तुमच्या-आमच्या खरेदीचा. या चतुर्थीला दुकानात सवलत विचाराल तेव्हा त्याच दमात सर्व्हिस सेंटरचा पत्ता आणि सुरक्षा सुधारणांची शेवटची तारीखही विचारा आणि दोन्ही बिलावर लिहून मागा. म्हापशाचा तो तरुण सांगतो, की असे विचारणारे गिऱ्हाईक महिन्यातून एखादेच येते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, फोंडा