मंत्रिमहोदय, आमच्या मुलांनी कलादालनासमोरच्या फुटपाथवर डबे खाल्ले

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
यांस सविनय नमस्कार.

मी शहापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो. गेल्या आठवड्यात आठवी-नववीची चाळीसेक मुलं घेऊन मुंबईत आलो होतो. फोर्ट भागातल्या एका कलादालनाला शाळेच्या लेटरहेडवर रीतसर पत्र दिलं होतं. दालनाचं नाव लिहीत नाही, कारण दुखणं एका दालनाचं असतं तर तुमच्यापर्यंत आलोच नसतो. पत्राची पोच होती, आवक क्रमांक होता, फोनवर "या सर, काही अडचण नाही" असंही सांगितलं होतं. आसनगावहून पहाटेची लोकल पकडून, सीएसएमटीपासून दोन-दोनच्या रांगेत चालत आम्ही पोचलो, तर दाराला झेंडूच्या माळा आणि आत गोल टेबलांवर पांढरी कापडं. सुरक्षारक्षक म्हणाला, "आज प्रायव्हेट फंक्शन आहे, पब्लिकला बंद." मी पोच दाखवली. त्याने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि परत दिली. "साहेब आले की विचारा." साहेब दुपारपर्यंत आले नाहीत. केटरिंगवाले तेवढे "ए, बाजूला व्हा" म्हणत पातेली आत नेत होते. मुलांनी समोरच्या फुटपाथवर बसून डबे खाल्ले.

आपल्या कार्यालयात रोज येणाऱ्या तक्रारींत ही किरकोळ ठरेल, हे मला माहीत आहे. पण नववीतल्या एका मुलीने मला विचारलं, "सर, आपल्याला बघून बंद केलं का?" मी तिला "नाही गं" म्हणालो. घरी येऊन रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, कारण माझ्या त्या "नाही" वर माझाच विश्वास नव्हता.

ही मुलगी वारली आदिवासी समाजातली आहे. तिच्या पाड्यावर लग्न असलं की तिची आजी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहिते, मधोमध पालघाट देवी. बाहेरचे लोक जिला आज वारली आर्ट म्हणतात ती कला या घरांतून आली आहे. डहाणूजवळच्या जिव्या सोमा मशेंना २०११ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही शाळेत साखर वाटली होती. साड्यांवर, कपांवर, सरकारी जाहिरातींवर वारलीची माणसं नाचतात, आणि ज्या घरांतून ती आली त्या घरांतली पोरं दारात उभी राहिली की पोच उलटीसुलटी करून पाहिली जाते.

त्या दिवशी आमची लाज राखली ती जहांगीरने. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून उभी आहे, आत जायला तिकीट नाही, आणि आम्हाला कोणी अडवलं नाही. एका दालनात स्वतः चित्रकार बसले होते. आमचा एक मुलगा कॅनव्हासच्या इतक्या जवळ गेला की मी ओरडणारच होतो. त्यांनी मला हातानेच थांबवलं आणि त्याला रंगाचा जाड थर तिरक्या उजेडात बघायला सांगितलं. चाकूने ओढलेल्या रंगाला कडा असते, तिची सावली पडते, हे त्या पोराला पहिल्यांदा दिसलं. पाठ्यपुस्तकातल्या तळहाताएवढ्या छापील चित्रात हे कधीही दिसणार नाही. मी वर्षानुवर्षं फळ्यावर जे सांगत आलो, ते त्याला तिथे दोन मिनिटांत कळलं. एवढ्यासाठीच मला मुलं मुंबईला आणायची असतात, मंत्रिमहोदय. सहलीला जायला वॉटर पार्क आहेतच, आणि शाळांच्या सहली तिकडेच जातात. तिथे निदान दारातून परत पाठवत नाहीत.

आता तुमच्या खात्यातून काय उत्तर येईल ते मीच सांगतो. ते दालन आमच्या अखत्यारीत नाही. हे उत्तर मला पाठ आहे. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय केंद्राचं. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय पालिकेचं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय विश्वस्तांचं. जहांगीर खाजगी न्यासाचं. मग राज्याचं काय? ज्या शहरात १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, जिथे १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे या कलावंतांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, त्या शहरात राज्य सरकारचं स्वतःचं, बारमाही उघडं, आधुनिक चित्रांचं संग्रहालय कुठे आहे? असेल तर मला पत्ता द्या, मी उद्या मुलं घेऊन येतो.

यातले के. एच. आरा मुंबईत घरगडी होते, गाड्या धूत होते. त्यांची चित्रं जाणकारांच्या नजरेला पडली म्हणून आपल्याला आरा मिळाले. आज असा एखादा पोरगा काळा घोड्याच्या फुटपाथवर उभा असेल तर त्याला आत कोण घेईल? कुलाब्यातल्या बहुतेक खाजगी गॅलऱ्या बघायला पैसे पडत नाहीत. पण दार बंद असतं, बेल वाजवावी लागते, आणि आपण बेल वाजवली तर चालतं हे शहापूरच्या मुलाला कोणीही सांगितलेलं नसतं. मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ वर पाच हजारांहून जास्त कलावस्तू मांडल्या आहेत असं वाचलं. त्या बघायला विमानाचं तिकीट लागतं. आमच्याकडे लोकलचं आहे.

चित्रकार वासुदेव गायतोंडे नागपूरला जन्मले, जे. जे. मध्ये शिकले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. २०२५ मध्ये त्यांचं एक चित्र लिलावात ६७ कोटींना गेलं, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी मराठी मातीचा अभिमान म्हणून मथळे दिले. त्या ६७ कोटींतला रुपया मला नको. मला एक भिंत हवी आहे, जिच्यावर गायतोंडे कायम टांगलेले असतील आणि ठाणे जिल्ह्यातल्या मुलाला ते हमखास बघता येतील. जे. जे. च्या आवारात किपलिंग बंगला आहे. तिथे कलासंग्रह मांडणार, संग्रहालय करणार, हे मी केस काळे होते तेव्हापासून ऐकतोय. अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचं जलपूजन २०१६ ला झालं, ३६०० कोटींचे आकडे छापून आले. महाराजांचं स्मारक व्हावंच. पण कोटींचे आकडे फेकणाऱ्या सरकारला शाळेच्या मुलांसाठी एक दार दिवसभर उघडं ठेवता येत नाही, हे कसं?

आणि शाळेत तरी काय उरलंय? तुमचंच शासन दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या रेखाकला परीक्षा घेतं, इंटरमिजिएटचे गुण दहावीला वाढवून देतं. परीक्षा हवी, गुण हवेत, शिक्षक मात्र नको. २०१५ च्या शासन निर्णयाने कला आणि क्रीडा शिक्षकांच्या जागी अतिथी निदेशक आणले, तासिकेच्या हिशोबाने मानधन. माझ्या तालुक्यात चित्रकलेचे शिक्षक निवृत्त होतात आणि ती जागा तशीच राहते. मी निवृत्त झालो की माझीही राहील. मग स्मरणचित्राच्या पेपरात मुलं डोंगर, सूर्य आणि नारळाची दोन झाडंच काढणार, कारण त्यांनी दुसरं काही पाहिलेलंच नसणार.

मराठीचं बोलू. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाषेला अभिजात दर्जा मिळाला, आनंद झाला. मुंबईतल्या समकालीन कलेच्या प्रदर्शनात जा. चित्राशेजारी इंग्रजीत लांबलचक मजकूर असतो, मराठी एक ओळ नसते. मी स्वतः अडखळत वाचतो, मुलं तर वाचायचं सोडूनच देतात आणि चित्रापासूनही दूर सरकतात. भायखळ्याच्या संग्रहालयात मराठी पट्ट्या आहेत. म्हणजे जमतं. शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची 'म्युझियम ऑन व्हील्स' बस २०१५ पासून वस्तू घेऊन शाळांच्या दारात जाते. म्हणजे तेही जमतं. एका न्यासाला जे जमतं ते राज्याला जमत नसेल, तर त्याला पैशांची अडचण म्हणू नका. इच्छाच नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. राज्याच्या पैशावर किंवा जमिनीवर चालणाऱ्या प्रत्येक दालनात शाळेला दिलेला दिवस भाड्याच्या कार्यक्रमासाठी काढून घेता येणार नाही, असा आदेश काढा. अनुदान हवं असेल तर मराठी मजकूर लावावाच लागेल, अशी अट घाला. प्रत्येक जिल्ह्याला चित्रांची एक बस द्या, ठाणे-पालघरपासून सुरुवात करा. रिकाम्या पडलेल्या चित्रकला शिक्षकांच्या जागांबद्दल शालेय शिक्षण मंत्र्यांशी बोला, ते तुमच्याच मंत्रिमंडळात बसतात. मेट्रो तीन आता हुतात्मा चौकापर्यंत येते, दालनापर्यंतचा रस्ता सोपा झाला. दाराचं तुम्ही बघायचं आहे.

पुढच्या इंटरमिजिएटच्या आधी मी पुन्हा मुलं आणणार आहे. त्याच दालनात, नवं पत्र देऊन. त्याची प्रत आपल्या कार्यालयाला पाठवतो आहे. या वेळी "संबंधित विभागाकडे वर्ग केले" एवढंच छापील उत्तर पाठवू नका. कोणत्या तारखेला या आणि दारात कोणाला भेटा, तेवढं लिहून द्या.

आपला,
एक चित्रकला शिक्षक
ता. शहापूर, जि. ठाणे