काकांचा नंबर लावण्याआधी

विश्रामबाग, सांगली

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार.

काकांना शुगरसाठी सांगलीला, आईच्याच डॉक्टरांना दाखवायचं ठरवलंस, बरं केलंस. तू फक्त 'नंबर कसा लावायचा' एवढंच विचारलंयस, पण लेका, ते एका ओळीत सांगण्यासारखं राहिलेलं नाही. गेल्या महिन्यात आईला घेऊन गेलो होतो, तेव्हाचं आधी वाच आणि मगच फोन लाव. डॉक्टरांबद्दल माझी तक्रार नाही. शांत माणूस आहे, पेशंटचं पुरतं ऐकून घेतो. घोळ होतो तो बाहेर, काउंटरवर.

फोन सकाळीच घेतात, तोही लागला तर. पलीकडून बाईंनी विचारलं, "जुने का नवे?" म्हटलं जुने. "गुरुवारी या. उपाशीपोटी शुगर करून या." आणि फोन बंद! मी आईला जसंच्या तसं सांगितलं. तिनं अर्थ लावला तो दहातल्या नऊ जणांनी लावला असता: दवाखान्यात उपाशी जायचं, तिथं रक्त घेतील. आईचं तुला माहीत आहे, सांगितलं की सांगितलं. रात्री लवकर जेवली, सकाळी चहाचा घोटही नाही. शुगरची गोळी मात्र पाण्याबरोबर घेतली, कारण 'गोळी चुकवायची नाही' हे तिला त्याच दवाखान्यात बजावलेलं.

दवाखान्यात पोचलो तर आमच्या आधी बाकं भरलेली. निम्मी माणसं कर्नाटकातल्या अथणी-कागवाडकडची. मिरजेत वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून तिकडची माणसं इकडं येतायत, त्यात नवल नाही. त्या बाई एका कानाला फोन लावून समोरच्या म्हाताऱ्याशी कानडीत बोलत होत्या, हातानं लाल रेघांच्या रजिस्टरात टिकमार्क करत होत्या आणि कडेला औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, ते एम.आर., बॅगा घेऊन ताटकळलेले. खरं सांगू, ते बघून माझा राग निम्मा तिथंच उतरला. एवढ्या धबडग्यात पूर्ण वाक्य बोलायला सवड कुणाला?

अकराच्या सुमारास आईनं पदरानं कपाळ पुसलं. पंखा अगदी डोक्यावर, तरी घाम. चष्म्याची डबी उघडायला गेली तर बोटं थरथरत होती. "बरं वाटत नाही का?" विचारलं तर माझ्यावरच खेकसली, "मला काय धाड भरलीय?" आई अशी बोलत नाही रे. मी सरळ आत जाऊन सिस्टरला बोलावलं. तिनं बोटाला सुई टोचून मशीनवर बघितलं तर शुगर ५८. सत्तरच्या खाली गेली की ती कमीच धरतात. लगेच ग्लुकोज पाण्यात कालवून पाजलं, पंधरा मिनिटांनी परत तपासली, मग बिस्किटं दिली. आईच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे. ती पोटात गेली आणि वर अन्न पडलं नाही, तर शुगर अशी घसरते.

बाई म्हणाल्या, "मी लॅबला उपाशी जा म्हटलं होतं, इथं नाही." त्यांच्या डोक्यात सगळं स्पष्ट होतं: सकाळी लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग नाश्ता, नाश्ता सुरू केल्यापासून दोन तासांनी परत रक्त, आणि दोन्ही रिपोर्ट घेऊन इथं यायचं. यातला लॅब हा शब्द फोनवर आलाच नव्हता. मी तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "सगळ्यांना माहीत असतं की!" इथं मात्र मला पटलं नाही. सत्तरीच्या बाईनं हे गृहीत धरून चालायचं? नंबर देणाऱ्या माणसाच्या हाताशी एक छापील चिठ्ठी असावी, चार ओळींची. व्हॉट्सॲपवर तेवढी धाडली तरी भागेल. डॉक्टरांना मी हे बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, पुढं काय केलं ते बघायचंय.

त्यांच्याकडून एक गोष्ट नीट समजून घेतली, ती काकांच्याही कामाची. उपाशी रक्त द्यायचं त्या दिवशी आईनं शुगरची गोळी रक्त दिल्यावर, नाश्त्याच्या वेळी घ्यायची. आधीचे आठ तास काही खायचं नाही, पण साधं पाणी चालतं. आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी ती एचबीएवनसी, तिला तर उपाशी राहावंही लागत नाही. काकांच्या गोळ्या वेगळ्या असतील, तेव्हा त्यांचं डॉक्टरांना वेगळं विचारायला हवं.

फोन करशील तेव्हा बाईंनी सांगितलेलं त्यांनाच परत वाचून दाखव. "म्हणजे लॅबला उपाशी, आणि तुमच्याकडे नाश्ता करून, बरोबर?" असं. त्या वैतागतील, वैतागू देत. काका त्यांच्याकडे याआधी आलेले नाहीत, हेही पहिल्यांदाच सांग. नव्या पेशंटला वेळ जास्त लागतो, त्यामुळं त्यांचे नंबर वेगळे असतात. तासगावहून सकाळच्या एस.टी.नं आणणार असशील, तर रक्त तिथंच देऊन या. उपाशी माणसाला गाडीत बसवून आणू नकोस.

आई आता ठणठणीत आहे. त्या बाईंना परवा भडंगाचा पुडा देऊन आली, मला न विचारता!

काकांच्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो काढून आजच पाठव. उद्या सकाळी आईचा पुढचा नंबर लावायचाच आहे, तेव्हाच काकांच्या गोळ्यांचंही विचारून घेतो.

तुझा,
बाळू