स्वाध्यायपत्रिकेच्या तळाशी परवान्याची ओळ हवी

संपादक महोदय,

शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर रोज स्वाध्यायपत्रिका, प्रश्नसंच आणि पीपीटी फिरतात. ते इतरांनी कोणत्या अटींवर वापरावे हे सांगणारी परवान्याची ओळ मात्र क्वचितच दिसते. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ नुसार निर्मितीसोबतच कर्त्याचे हक्क लागू होतात, त्यासाठी नोंदणी लागत नाही. कलम ५२ मुळे शिकवण्यापुरत्या प्रती काढता येतात. तेच साहित्य बदलून संकेतस्थळावर टाकणे त्या सवलतीत बसेलच असे नाही. बालभारतीच्या पुस्तकांची पीडीएफ मोफत मिळते, तरी हक्क राखीवच आहेत.

आपले साहित्य इतरांना कोणत्या अटींवर वापरता येईल हे कर्त्याला आधीच सांगता यावे, यासाठीच क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे सहा तयार परवाने आहेत. मराठीला त्यांतली 'एनडी' (बदल करून वाटू नका) ही अट सर्वाधिक नडते. भाषांतर हासुद्धा बदलच, म्हणून 'एनडी' असलेला इंग्रजी धडा मराठीत आणून वाटता येत नाही. कर्त्याची वेगळी परवानगी लागते. दुसरी चूक सरमिसळीची. 'बीवाय' म्हणजे श्रेय द्या, 'एसए' म्हणजे बदललेले साहित्य त्याच परवान्याखाली द्या, 'एनसी' म्हणजे व्यापारी वापर नको. 'बीवाय-एसए' धड्यातला आणि 'बीवाय-एनसी-एसए' धड्यातला मजकूर एकजीव करून नवा धडा प्रसिद्ध करता येत नाही. दोघांचीही अट आपलाच परवाना पुढे चालवण्याची. पण पहिल्यात व्यापारी वापराला मुभा, दुसऱ्यात मनाई.

श्रेय देताना शीर्षक, कर्ता, मूळ दुवा, परवान्याचे नाव व आवृत्ती आणि आपण केलेला बदल लिहावा. 'चित्र सौजन्य : गूगल' हे श्रेय नव्हे. गूगल चित्र शोधून देते, हक्क कर्त्याकडेच राहतो.

स्वतःच्या साहित्याखाली एवढे पुरे : '© नाव, वर्ष. क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन ४.० आंतरराष्ट्रीय परवान्याखाली उपलब्ध', सोबत परवान्याचा दुवा. ॲट्रिब्युशन म्हणजेच वरचा 'बीवाय'. इतरांची चित्रे असतील तर 'अमुक चित्रे वगळून' असे जोडावे. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क कलम १७ नुसार संस्थेकडे असू शकतो, तेव्हा आधी विचारून घ्यावे. दिलेला परवाना मागे घेता येत नाही. म्हणूनच घाई नको.

आणखी एक कळकळीची विनंती. नुसती पीडीएफ देऊ नका, मूळ फाइलही द्या, तीही युनिकोडमध्ये, म्हणजे ठरावीक फाँटवर अवलंबून नसलेल्या प्रमाण अक्षरपद्धतीत. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर त्या फाँटशिवाय उघडला की निरर्थक अक्षरांची रांग दिसते. बदलाची परवानगी असूनही पुढच्या शिक्षकाला सगळा धडा पुन्हा टंकावा लागतो.

– शैक्षणिक साहित्याचे एक संपादक, पुणे