तिसऱ्या स्कॅनची तारीख कोणी पुसली?

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

परवा दोन ओळींचं पत्र हाती पडलं. 'निधीअभावी अभ्यास थांबवण्यात येत आहे. सहकार्याबद्दल आभार.' सांध्यातल्या कूर्चेची, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीची, झीज एमआरआयवर मोजायचा हा अभ्यास पाच वर्षं चालेल, असा शब्द तुमच्या खात्याने दिला होता. दोन वर्षांतच तो गुंडाळला. गुडघा माझा होता, महोदय. मला एका शब्दानेही विचारलं नाही.

उजवा गुडघा दुखू लागला तेव्हा एक्स-रे काढला. 'हाडं छान आहेत, श्रेणी शून्य. वयाप्रमाणे थोडं दुखणारच,' म्हणून घरी पाठवलं. साध्या एक्स-रेत कूर्चा दिसतच नाही. दिसतात हाडं आणि त्यांच्यामधली फट. फट अरुंद झाली की गादी झिजली, असा अंदाज बांधायचा. एक्स-रेवरून झीज ठरवायची ही श्रेणी केलग्रेन आणि लॉरेन्स या डॉक्टरांनी 1957 साली मांडली, आणि आजही आमचं दुखणं त्याच मापाने मोजलं जातं. कूर्चेत ना नसा, ना रक्तवाहिन्या. ती झिजू लागते तेव्हा कळत नाही आणि झिजल्यावर धड भरून येत नाही. तीन वर्षं घरच्यांनाही वाटत होतं, ही उगाच कण्हते.

मग या अभ्यासात नाव घातलं. शिरेतून गॅडोलिनियमचं इंजेक्शन, दहा मिनिटं चालणं, मग दीड तास नुसतं बसून राहणं. का, ते यंत्रावरच्या मुलीने समजावलं. धडधाकट कूर्चेत ऋण भार असतो आणि या औषधावरही ऋण भार, म्हणून ते आत फारसं शिरत नाही. कूर्चेला हा ऋण भार देणारी द्रव्यं जिथे कमी झाली, तिथे जास्त शिरतं. नंतर तिने टी-टू नकाशा, म्हणजे कूर्चेची अवस्था रंगांत दाखवणारं एमआरआयचं चित्र, दाखवला. मांडीच्या हाडाच्या टोकावर निळी पट्टी आणि आतल्या बाजूला नखाएवढा लाल डाग. 'इथे कोलाजेनच्या धाग्यांची वीण सैल झालीय, पाणी वाढलंय,' ती म्हणाली. मला तिथेच रडू कोसळलं. श्रेणी शून्यचाच गुडघा होता तो.

दुसऱ्या वर्षी डाग मोठा दिसला. तिसरा स्कॅन पुढच्या महिन्यात होता.

डाग दिसल्याने बरा होत नाही, हे मला कळतं. पण ही झीज थांबवणारं मान्यताप्राप्त औषध आज एकही नाही, आणि ते शोधणाऱ्यांनी फट मिलिमीटरच्या अंशाने घटण्याची वर्षानुवर्षं वाट बघायची? एका स्कॅनवरून झिजेचा वेग कळत नाही. तीच माणसं, तोच सांधा, पुन्हा पुन्हा तपासावा लागतो. अमेरिकेत 2004 पासून 4,796 लोकांचे गुडघे असे वर्षानुवर्षं तपासले आणि ती चित्रं जगभरच्या संशोधकांना खुली केली. आमची दोन वर्षं तुम्ही मातीत घातलीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2019 साली जगात 52 कोटी 80 लाख लोकांना ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांच्या झिजेचा हाच आजार, होता. त्यांत सुमारे 60 टक्के बायका. म्हणूनच का हे दुखणं 'म्हातारपण' म्हणून खपवलं जातं? नव्या यंत्राच्या उद्घाटनाला सगळे हजर असतात. पाच वर्षं त्याच माणसांना परत बोलावून मोजण्याच्या कामाला मात्र ना कोणी वाली, ना अंदाजपत्रकात जागा. सरकार कोणाचंही असो, सांधा पुरता खलास झाल्यावर तो बदलून देण्याची भाषा होते. तोवर आम्ही काय करायचं?

मी काय करते ते सांगते. जिना उतरताना कठडा धरते, आधी उजवा पाय खाली टाकते, मग डावा त्याच्या शेजारी आणते. प्रत्येक पायरीवर थांबते. मागून येणारे वैतागतात.

मला तिसरा स्कॅन हवा आहे, ठरलेल्या महिन्यात. आधीच्या दोन्हींच्या प्रती हव्यात, माझ्या आणि माझ्यासोबतच्या प्रत्येकाच्या. अभ्यास सुरू होणारच नसेल, तर निदान ती चित्रं पुसू नका. दुसरीकडे कोणी हेच मोजत असेल, त्याला द्या. माझी परवानगी या पत्रातच समजा.

आपल्या कागदांवर माझं नाव नाही, म्हणून कागदावर आहे तेच लिहिते.

सहभागी क्रमांक 117, उजवा गुडघा