गड्डा, उन्हाळा आणि स्वमग्न प्रौढ

मा. संपादक,

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत स्वमग्न (ऑटिस्टिक) किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं अवघड जाणारी अवस्था) असलेल्या प्रौढाला ‘चल की, काय होतंय’ म्हणत ओढू नये. गर्दी वाढण्याआधी दुपारीच न्यावं, परतीची वेळ आधी ठरवून. कानात फोमचे बोळे. बोटांनी बारीक वळून, कान वर ओढून बसवले नाहीत तर आवाज नीट अडत नाही.

उन्हाळा त्याहून अवघड. पारा ४२ वर गेला तरी काहींना तहान जाणवत नाही. नुसतं ‘पाणी पी’ सांगून भागत नाही. मोबाइलच्या गजरावर तासाला पेलाभर. मानसोपचाराच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो, म्हणून डॉक्टरांना आत्ताच विचारावं, गोळी परस्पर सोडू नये.

आणि लग्नाचं आमंत्रण देताना पंगत किती वाजता, डीजे कुठं, हे लिहून कळवावं. ऐनवेळचा बदलच जास्त छळतो.

– एक वाचक, सोलापूर