नुसतं घर झालं म्हणजे चक्की वाचली का?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत पवनचक्कीचं घर करून राहणाऱ्यांवरचा लेख वाचला. फोटो भारीच, पण घर केलं म्हणून चक्की वाचली हे काही पटलं नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही साताऱ्याचे, पवनचक्की म्हटलं की डोळ्यापुढे चाळकेवाडीचं पठार, आणि तिथं चक्की कुठंय, नुसती वीज! खरी चक्की पाहिली ती मुलीकडे इंग्लंडला गेलो तेव्हा, ब्रायटनजवळ क्लेटनच्या टेकडीवर. हॅसॉक्स स्टेशनवरून चालत गेलो (दम लागला, ते सोडा). शेजारी शेजारी दोन चक्क्या, नावं जॅक आणि जिल. जॅक म्हणजे विटांचा गोल बुरूज, 1866 चा. जिल लाकडी, पांढरी, 1821 ची, आणि ही मुळात ब्रायटनची, 1852 ला बैल अन् घोडे जुंपून अख्खी चक्की टेकडीवर ओढत आणली!! वारा फिरला की जिल सगळीच्या सगळी एका जाड खांबावर फिरवायची, जॅकचं नुसतं डोक्यावरचं टोपरं फिरायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन्हीकडचं दळण बंद पडलं.

पुढे जॅक घरात सामील झाला. गोल्फवर लिहिणारे पत्रकार हेन्री लाँगहर्स्ट तिथं राहायचे. बुरूज ठणठणीत आहे, मान्य, माणसं राहती असली की छप्पर गळू देत नाहीत. पण खाजगी, आपण बाहेरूनच बघायचं. जिलचं काम मात्र 1978 पासून हौशी लोकांनी हातात घेतलं आणि 1986 ला तिच्यात परत पीठ पडलं. तेही सुखासुखी नाही, पुढच्याच वर्षी ऑक्टोबरच्या मोठ्या वादळात ब्रेक लावलेला असताना पाती फिरली, घासून घासून आग लागली, ही मंडळी धावली म्हणून वाचली. राहत्या घरात कोण पाळेल हो हे झेंगट?

उन्हाळ्यात रविवारी दुपारी ती बघायला उघडी असते. आम्ही तिथलं दगडावर दळलेलं, कोंड्यासकट पीठ आणलं. बायकोने चपात्या केल्या, जरा चिवट झाल्या, पण वास थेट आमच्या पेठेतल्या गिरणीचा. आता तुमच्या लेखातल्या त्या घरवाल्यांना एवढंच विचारा, आतले दळायचे दगड कुठं गेले?

आपला,
एक जुना वाचक, सातारा